रागवायचं कोणावर

६ फेब्रुवारी

डॉक्टरांनी ही वही ठेवायला सांगितली आहे. रोज तीन गोष्टी लिहायच्या. हात किती थरथरले, झोप कशी लागली आणि मनःस्थिती कशी होती. कोणाची मनःस्थिती ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून पेशंटचं आधी उरकते आणि उरलेलं पान मी घेते.

हात: कालच्यापेक्षा जास्त. झोप: लागली त्याला, अगदी गाढ. मनःस्थिती: भिंतीकडे बघत बसला होता. झालं.

आता माझी. माझा नवरा, साठी ओलांडलेला, कोट बेतण्यात ज्याचा हात कोणी धरत नाही असं लोक म्हणायचे, तो गेल्या महिन्यात भर दुपारी दुकानाचं शटर ओढून कोपऱ्यावरच्या बटणवालीबरोबर निघून गेला. बटणवाली म्हणजे बटणं, लेस, इलास्टिक विकणारी बाई. नवरा वारल्यापासून एकटीच दुकान चालवते. आमची सगळी बटणं तिच्याकडून यायची. दोघं कुठल्याशा तळ्याकाठच्या गावी जाऊन राहिली. तिथून त्यानं मुलीला फोन केला की मी सुखात आहे, काळजी करू नका. मुलीला केला, मला नाही.

मुलीनं घाबरून त्याच्या कंपवाताच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, आहेत तिथून लगेच घेऊन या. मुलगी आणि माझे दीर जाऊन त्याला घेऊन आले. मग डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून समजावलं. हात स्थिर राहावेत म्हणून जी गोळी चालू होती तिनं काही जणांचा लगाम सुटतो. कोणी जुगार खेळतं, कोणी रात्रंदिवस खातं, कोणी "हे असं" करतं. हे असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. गोळी आता हळूहळू बंद करायची. आणि शेवटी म्हणाले, यात त्यांचा दोष नाही.

मुलगी रडली. दिरांनी मान हलवली. नवरा आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. एका वाक्यात सुटला. मी शिवलेल्या कोटाची कॉलर उसवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

९ फेब्रुवारी

मुलगी आली होती, वडिलांच्या आवडीची बिस्किटं घेऊन. गेल्या महिन्यात हीच फोनवर म्हणत होती की मी त्यांचं तोंड बघणार नाही. आज त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मग स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, "आई, बाबांचा खरंच काही दोष नाहीये गं."

मग कोणाचा, मी विचारलं. तर म्हणाली, कोणाचाच नाही.

माझ्या हातात कांदा होता. तो मी इतका बारीक चिरला की भाजीत दिसलाच नाही. दुकानात येणारा प्रत्येक जण मला बघून आवाज खाली आणायचा. मी माझ्याच गल्लीतून खाली मान घालून चालत होते. आणि दोष कोणाचाच नाही. हे सगळं काय आपोआप उगवलं?

तो नुसता पळून गेला असता तर चार लोकांनी त्याला शिव्या तरी घातल्या असत्या. आता मी पेशंटची बायको आहे. शेजारीण विचारते, त्यांना बरं आहे ना, त्यांची दगदग होऊ देऊ नका हं. माझ्या दगदगीचं कोणाला काय पडलंय? मला रागवायचीसुद्धा चोरी झाली आहे. आजारी माणसावर चिडणारी बायको म्हणजे कैदाशीण.

मोठ्या बहिणीचा फोन होता. तिच्याकडची मागची खोली रिकामी आहे. मार्च संपेपर्यंत ती माझ्यासाठी ठेवते म्हणाली, पुढे भाडेकरू येतोय. मी तिला विचार करते म्हणून सांगितलं. विचार कसला करायचा ते मला माहीत आहे. त्यानं एकदा सरळ तोंडानं म्हणावं की मी गेलो, मी केलं. माफी मागायला नको, पाया पडायला नको. एवढं म्हणाला तर मी या घरात राहीन. नाही म्हणाला तर मागची खोली.

१४ फेब्रुवारी

दुकान उघडलं. आमच्याकडे कापड बेततो तो आणि शिवते मी. त्याची कात्री, माझी सुई. आणि एक नियम आहे, तोही त्यानंच घातलेला. कापड चुकीचं कापलं गेलं तर ज्यानं कापलं त्यानं गिऱ्हाइकासमोर उभं राहून स्वतः सांगायचं, "मी चुकीचं कापलं." कात्री सरकली, कापड घसरलं, लाइट गेली होती, यातलं एक अक्षर चालत नाही.

फार पूर्वी आमच्याकडे एक कारागीर होता. त्यानं जाड लोकरीच्या कोटाची बाही आखूड कापली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं की कात्री सरकली. नवऱ्यानं ती कात्री टेबलावर मधोमध ठेवली आणि म्हणाला, "बघू या, सरकते का." गिऱ्हाईक, कारागीर, मी, सगळे त्या कात्रीकडे बघत उभे. ती कशाला सरकतेय. शेवटी त्या बिचाऱ्यानं मान खाली घालून मी कापलं म्हटलं, तेव्हा कुठे नवऱ्यानं नवी बाही बेतून दिली. तेव्हा मी त्याच्यावर चिडले होते, एवढं कशाला ताणायचं म्हणून. पण ते गिऱ्हाईक आजही आमच्याकडेच येतं.

आज मी विचारलं. तो इस्त्रीच्या टेबलापाशी बसला होता, उजवा हात डाव्यात धरून.

"तुम्ही गेलात ना तिच्याबरोबर?"

त्यानं इस्त्री उगाच पलीकडे सरकवली. मग म्हणाला, "डॉक्टर म्हणतात तसं असेल."

म्हणजे कात्री सरकली.

२१ फेब्रुवारी

दीर आले होते. ते कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग मिळत नाही, त्यामुळे जो समोर बसेल तो वर्ग.

चहा होईपर्यंत त्यांनी मला समजावलं की गोळी हे फक्त दिसणारं कारण आहे. प्रत्येकाच्या आत अशा शंभर गोळ्या असतात. रक्त, आईबाप, लहानपण, कोणी कधी मारलं, कोणी जवळ घेतलं. त्यातून माणूस घडतो आणि घडतो तसाच वागतो. वेगळं वागणं त्याच्या हातात नसतंच. "वहिनी, दादाच्या बाबतीत आपल्याला कारण सापडलं, एवढाच फरक. बाकीच्यांचं सापडलेलं नसतं. पण असतं सगळ्यांनाच."

मग चोराला तुरुंगात का टाकतात, मी विचारलं. तर म्हणाले, टाकावं, पण इतरांना त्रास होऊ नये म्हणून. चिडून नव्हे. नळ गळत असेल तर आपण दुरुस्त करतो, नळावर रागावत नाही.

"माझं लग्न नळाशी झालेलं नाही, भाऊजी," मी म्हणाले.

ते हसले. तुम्ही उदाहरण फार अंगाला लावून घेता म्हणाले. आणि वर हेही, की तुम्हाला राग येतोय त्यालाही कारणं आहेत, तो काही तुम्ही आणलेला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचं जाणं त्याचं नाही आणि माझा राग माझा नाही. या घरात माझ्या मालकीचं आहे तरी काय मग?

थोड्या वेळानं ते खाली गेले आणि रस्त्यावरून आरडाओरडा ऐकू आला. कोणीतरी गाडी मागे घेताना त्यांच्या स्कूटरला घासली होती. भाऊजी त्या माणसाची गचांडी धरायचे बाकी होते. डोळे फुटले होते का, मुद्दाम केलंस, माझी माफी माग. मी खिडकीतून म्हणाले, "भाऊजी, नळ आहे तो." त्यांनी वर बघितलं नाही.

पण खरं लिहायचं तर त्यांचं ते एक वाक्य डोक्यातून जात नाही. कारण सगळ्यांनाच असतं. गोळीच्या आधीचा माझा नवरा, घुमा, कामापुरतं बोलणारा, तसं व्हायचं त्यानं स्वतः ठरवलं होतं का? त्याचे वडील डिट्टो तसेच होते. मग इतकी वर्षं मी संसार केला तो कोणाशी? सासऱ्यांशी?

२४ फेब्रुवारी

हात: वाईट. खडूची रेघ सरळ येत नाही. आज एका कोटाचे खांदे मी बेतले. तो शेजारी उभा राहून बघत होता. माझं चुकलं असतं तर बरं झालं असतं, निदान ओरडला असता.

४ मार्च

दवाखाना. डॉक्टरांसाठी मी दुसरी वही केली आहे, त्यात फक्त हात आणि झोप. ती बघून खूश झाले. जुनी गोळी आता पूर्ण बंद, दुसरं औषध सुरू. म्हणाले, ती बंद झाल्यावर काही पेशंट मलूल होतात, बोलेनासे होतात, थोडा धीर धरा. मी म्हटलं, हा माणूस बोलेनासा होताच, त्यात नवीन काय.

मग त्यांनी जुनी फाइल उघडली. म्हणाले, गेल्या वर्षी दोनदा मी तुम्हाला विचारलं होतं, वागण्यात काही फरक वाटतो का. दोन्ही वेळा तुम्ही नाही म्हणालात.

मी असली चिडले. दाराशी कंपाउंडर उभा असताना बायकांना असलं काही विचारतात का? आणि फरक म्हटल्यावर मला काय वाटणार, काहीतरी वाईट. तेव्हा वाईट काहीच नव्हतं. हसायचा, काहीबाही गुणगुणायचा, दुकानातून वर आला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा. आता हे काय डॉक्टरला सांगण्यासारखं आहे? यांनी गोळ्या द्यायच्या आणि मग सगळं बायकोच्या गळ्यात मारायचं.

उरलेल्या गोळ्या आणून द्या म्हणाले. त्या माझ्या मशीनच्या खणात आहेत, बॉबिनच्या डब्याखाली. आज न्यायच्या राहून गेल्या.

११ मार्च

मी खांदे बेतले त्या कोटाला शिंगाची बटणं हवी होती. दोन दुकानं पालथी घातली, मिळाली नाहीत. शेवटी कोपऱ्यावर जावंच लागलं. तोंड उघडायचं नाही असं ठरवून गेले.

पूर्वी तिथे बायकांची रीघ असायची. आज ती एकटीच होती. मला बघितल्यावर तिनं मुकाट्यानं बरणी पुढे केली. मी बटणं वेचायला लागले. तोंड तिनंच उघडलं.

"बरे आहेत का ते?"

"पेशंट आहेत," मी म्हणाले.

ती काउंटरवरची लेस गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मला येऊन सांगतात सगळे. त्यांना बिचाऱ्यांना कळत नव्हतं, तुला तर कळत होतं. खरंच आहे, मी तर कसलीच गोळी घेतली नव्हती. दोघं मिळून गेलो आम्ही, पण लोकांच्या लेखी गेलेली मी एकटीच."

माझ्याकडून सहानुभूती हवी होती की काय कोण जाणे. मी तिला चांगलं सुनावलं. लग्नाच्या माणसाबरोबर जाताना तुझे डोळे कुठे गेले होते, रोज त्याच्या बायकोला बटणं विकताना लाज कशी वाटली नाही. ती ऐकून घेत होती.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "तुम्ही आहात हे मला माहीत होतं, तरी मी गेले."

इतकं सरळ. जे वाक्य मला माझ्या नवऱ्याकडून हवं होतं ते या बाईनं लेस गुंडाळता गुंडाळता देऊन टाकलं. मला समाधान व्हायला हवं होतं. उलट मी आणखीच पेटले. हिनं कशाला दिलं? हिच्याकडे कोणी मागितलं होतं?

मी निघाले तशी तिनं विचारलं, "तुमच्याशीही ते तसं बोलायचे का? मला जे म्हणायचे ते... जाऊ दे. ते मनातलं होतं की गोळीचं, एवढं कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

"आमच्यात तसलं काही नसतं," मी म्हणाले आणि बाहेर पडले. घरी येऊन बघते तर बटणं एका मापाची नव्हती.

१२ मार्च

काल तिला नाही म्हणाले. या वहीत खरं लिहायला काय जातंय.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी खाली काजं करत बसले होते. तो बेतायचं सोडून माझ्यामागे येऊन उभा राहिला. मला वाटलं काज चुकलं. तर म्हणाला, "इतकी वर्षं तू शेजारी बसून शिवतेयस आणि मी कापडाकडेच बघत राहिलो. तू म्हातारी झालीस ते मला कळलंसुद्धा नाही गं. पुन्हा तरुण हो ना, या वेळी बघतो."

काहीतरीच काय तुमचं, मी म्हणाले, आणि सुई बोटात गेली. त्यानं ते बोट किती वेळ धरून ठेवलं होतं. त्याचे हात तेव्हा अगदी स्थिर होते. मग रोज काही ना काही. कधी माझ्या कपाळावरचे केस मागे सारायचा. कधी जेवता जेवता लहानपणचं काही सांगत बसायचा. ज्या माणसानं जन्मभर भाजीत मीठ कमी आहे एवढंच सांगितलं होतं, तो. मी आरशात बघायला लागले होते. या वयात. मुलगी म्हणाली होती, आई, काय गं, बरीच उजळलीस.

तिच्याबरोबर जाणं गोळीचं असेल तर हेही गोळीचंच. हे मला कोणी सांगितलं नाही. मुलगी, दीर, डॉक्टर, सगळे मिळून त्याला दोषातून सोडवायला निघाले आणि जाता जाता माझ्या घरातून काय उचलून नेलं याचा कोणालाच पत्ता नाही. म्हणजे उन्हाळाभर एक गोळी माझ्यावर प्रेम करत होती. आणि मी तिला पुरले नाही म्हणून ती कोपऱ्यावर गेली.

मला कोणाला तरी धरून हलवायचंय. कोणाला, तेच कळत नाही.

१९ मार्च

बहिणीचा फोन. रविवारपर्यंत नक्की सांग म्हणाली. बॅग भरून जिन्याखाली ठेवली आहे. तो ती बॅग ओलांडून खाली गेला आणि ती ओलांडून वर आला.

नीट शिवलेल्या कोटाचं अस्तर आज उसवलं आणि पुन्हा लावलं. मुलीनं फोनवर विचारलं, आई, तू इतकी का चिडचिड करतेस, बाबा आता पूर्वीसारखे होतायत ना. हो गं, म्हटलं, अगदी पूर्वीसारखे.

हात फारच वाईट आहेत. पुढचा कोट अडला आहे आणि गिऱ्हाईक रोज दारात. गोळ्या खणात आहेतच. एखादी घेतली म्हणून काय होणार आहे? हातांसाठी म्हणतेय मी.

२३ मार्च

हातांसाठी दिली. हे आधी लिहून ठेवते.

सकाळी दुकानात चहा नेला आणि बशीत गोळी ठेवली. शटर अर्धंच उघडलं होतं. तो बेतायच्या टेबलापाशी उभा होता. समोर कापड पसरलेलं आणि त्यावर खडूची एकही रेघ नाही. त्यानं बशीकडे बघितलं.

"ही ती जुनी ना?"

"कोट अडलाय," मी म्हणाले. "हात चालायला नकोत?"

त्यानं ती उचलली. बोटांत राहीना. टेबलावर पडून खडूच्या तुकड्यांत गेली. त्यानं शोधून ती परत बशीत ठेवली, वेळ लागला त्याला. मी मदत केली नाही.

"कोटासाठी देतेस की त्याला बोलवायला?"

कोणाला, मी विचारलं. कळलं होतं मला.

"तुझ्याशी बोलायचा त्याला."

मी म्हटलं, हो, मग? तो बरा होता तुमच्यापेक्षा. हे बोलायचं असं काही ठरवलेलं नव्हतं.

तो स्टुलावर बसला. इतक्या हळू बोलत होता की मला टेबलाला टेकून पुढे वाकावं लागलं. "तो कोणी दुसरा नव्हता. मला सगळं आठवतं. तिला काय म्हणालो ते आणि तुला काय म्हणालो ते. गोळीनं लगाम सुटला असेल, पण जायचं मला होतं. मी गेलो तिच्याबरोबर. डॉक्टर सांगत होते तेव्हा गप्प बसलो, कारण सोयीचं होतं." मला वाटलं संपलं. "पण ते गोळीवर ढकललं की तुझ्याशी बोललो तेही गोळीचंच झालं. ते मी नाही देणार तिला. एक ठेवून दुसरं टाकता येत नाही, म्हणून दोन्ही माझंच."

भाऊजी असते तर त्यांनी यात चार चुका काढल्या असत्या. काढोत. मला जे वाक्य हवं होतं ते आलं होतं. आता मी शांत होणार, रडणार, निदान खाली बसणार, असं मला वाटलं. कसलं काय. मी जी सुटले ती सुटलेच. मुलीला फोन केला, मला का नाही? माझ्या हातच्या अस्तराचा राखाडी कोट घालून गेलात तिच्याबरोबर, दुसरा नव्हता घरात? गिऱ्हाइकांना मी काय सांगितलं असेल त्या दिवसांत, एकदा तरी मनात आलं का? उन्हाळ्यात मला तरुण हो म्हणालात आणि थंडीत बटणं आणायला गेलात. आवाज रस्त्यावर जात होता. एक गिऱ्हाईक शटरखालून वाकून डोकावलं आणि आल्या पावली परत गेलं. अहो-जाहो कुठे उडालं कोण जाणे. जन्मात पहिल्यांदा मी त्याला अरे म्हणाले.

आणि तोही गप्प बसला नाही. "तुलाही दिसत होतं ना मी बदललोय ते? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू काही बोलली नाहीस."

हे त्यानं काढायला नको होतं. "काय सांगायचं होतं डॉक्टरला?" मी ओरडले. "की माझा नवरा माझ्याशी बोलायला लागलाय, यावर काहीतरी औषध द्या?"

मी ती बशीतली गोळी आणि खणातलं पाकीट, दोन्ही उचलून डॉक्टरांना द्यायच्या पिशवीत टाकलं. आणि म्हणाले, मला एकटीला सांगून भागणार नाही. कोपऱ्यावर सगळं तिच्या एकटीच्या माथी आलंय. तिला जाऊन सांगा.

तो उठला. काठी देऊ लागले तर नको म्हणाला. मी शटरपाशी उभी राहून बघत होते. आता त्याचे पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे होतात. दोनदा थांबला. समोरच्या दुकानातली माणसं हातातली कामं टाकून बघत होती. धरायला जावंसं वाटलं, पण गेले नाही.

हे परत आले तेव्हा घामानं भिजले होते. मी विचारलं, काय म्हणाली.

"ऐकून घेतलं. मग म्हणाली, माझ्या कानात सांगू नका, बाहेर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."

"मग?"

"सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"मी हिला घेऊन गेलो. मला कळत होतं. हिला बोलू नका, मला बोला."

बरं केलं तिनं, मी म्हणाले. यांना पाणी दिलं. ग्लास दोन्ही हातांत धरूनही निम्मं शर्टावर सांडलं. आज रविवार, वर बहिणीचा फोन वाजत होता, तो मी वाजू दिला. निदान आता तरी राग ओसरेल अशी वाट बघत मी उभी राहिले, पण तो काही ओसरायचं नाव घेईना.

"माझं अजून संपलेलं नाही," मी म्हणाले.

यांनी स्टूल ओढलं, माझ्या बरोबर समोर बसले, थरथरणारा हात मांडीखाली दाबून धरला आणि म्हणाले, "बोल."